डब्यातला रुपया कोणाचा?

सहकारनगर, पुणे येथून एक वाचक भगिनी लिहितात :

माझ्या सासूबाईंनी २००८ साली आमच्या घरात एक रिवाज सुरू केला. देवघराशेजारच्या कोनाड्यात त्यांनी बॉर्नव्हिटाचा एक रिकामा डबा ठेवला आणि संध्याकाळी दिवा लागला की घरातल्या प्रत्येकाने आपल्याकडचे सुटे पैसे त्यात टाकायचे असे ठरवले. वर्ष संपले की ते पैसे त्या स्वतः मुलांच्या एका वसतिगृहाला नेऊन देत. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून तो डबा भरला, त्याच्या शेजारी दुसरा आला, पण पैसे कोठेच पोचले नाहीत. एकदा मी नाणी पिशवीत घालून बँकेत नेली, तेव्हा हजार रुपयांहून जास्त नाणी घेता येत नाहीत असे सांगून मला परत पाठवले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती सगळी नाणी जवळजवळ ९ किलो भरतात. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मुलीच्या फीसाठी १,५०० रुपये हवे होते, ते मी डब्यातल्या नोटांमधून दिले. यजमानांना ते रुचले नाही. आता सगळे व्यवहार फोनवरून होतात, खिशात मोड उरत नाही, तेव्हा डबा बंद करून वर्षातून एकदा रक्कम पाठवून द्यावी असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या दोन मुलांपैकी मुलगी लहान आहे; तेरा वर्षांच्या मुलाला मात्र सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी असाच मोठा डबा ठेवायचा आहे. पहिल्या डब्याच्या तळाशी एका पुरचुंडीत चार आण्यांची अकरा नाणी सापडली, त्यांना इंटरनेटवर मोठी किंमत येते असेही तो म्हणतो. सासूबाईंचा डबा बंद करायला माझे मन धजत नाही. मी काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात वरवर पाहता चार-पाच वेगवेगळे प्रश्न आहेत, पण मला ते एकाच प्रश्नाला फुटलेले फाटे वाटतात, आणि तो प्रश्न म्हणजे डब्यात पडलेला रुपया कोणाचा. माझ्या मते नाणे एकदा डब्यात पडले की ते तुमच्या घराचे राहत नाही. ज्यांच्यासाठी ते टाकले त्यांचे ते झालेले असते. त्यांच्या हाती पोचायचे तेवढे राहिलेले असते आणि तोवर तुम्ही ते सांभाळत असता. तुमच्या सासूबाईंनी हे कधी बोलून दाखवले असेल किंवा नसेल, पण दर वर्षी डबा रिकामा करून त्या स्वतः वसतिगृहाची पायरी चढत होत्या, यावरून त्यांना ते पक्के ठाऊक होते असे मला दिसते.

मी आयुष्यातली बरीच वर्षे बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे काढली आणि निवृत्तीनंतर मुलींच्या एका लहानशा वसतिगृहाचे हिशेब पाहिले, त्यामुळे अशा डब्यांची दोन्ही टोके माझ्या परिचयाची आहेत. एका वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक कुटुंब गोणपाटाची पिशवी घेऊन वसतिगृहाच्या कार्यालयात आले. पिशवीत एक, दोन, पाच रुपयांची नाणी एकत्र होती. त्यांतली पुष्कळशी देवापुढे ठेवलेली असावीत, कारण त्यांच्यावर तेलाचा आणि कुंकवाचा लालसर थर बसला होता आणि चळत लावायला गेले की नाणी एकमेकांना चिकटत होती. गृहमाता आणि मी अशा दोघी दुपारभर मोजत बसलो. तीनदा मोजले आणि तीनदा वेगळा आकडा आला. बोटांना लागलेला तो धातूचा आंबूस वास साबणाने हात धुऊनही रात्रीपर्यंत गेला नाही. पुढे बँकेच्या शाखेने मिसळलेली, चिकट नाणी घ्यायला नकार दिला, आमच्याकडे ती निवडत बसायला माणूस नव्हता, आणि ती पिशवी कपाटाच्या तळाशी उन्हाळ्यापर्यंत तशीच पडून राहिली. देणाऱ्यांना आभाराचे पत्र त्याच आठवड्यात मिळाले होते, पण मुलींच्या वाट्याला त्यातला एक पैसाही सहा-सात महिने आला नाही. त्या कुटुंबाच्या भावनेबद्दल मला आजही आदर आहे. मात्र त्यांनी मोजणीचे काम घेणाऱ्यांच्या अंगावर टाकले होते, आणि चिल्लर दान करताना सगळ्यांत महाग पडते ते हेच काम.

म्हणून पहिले काम म्हणजे त्या ९ किलो नाण्यांची मोजणी, आणि ती येत्या रविवारीच, तुमच्या घरी, तुम्ही चौघांनी बसून करायची. तीन वर्षे पैसे पडून राहिले याचा विषाद वाटणे स्वाभाविक आहे, पण घरातले माणूस गेल्यावर त्या माणसाच्या हातची कामे काही काळ अडून राहतात, हे सगळ्याच घरांत घडते. आता मात्र ते पैसे आणखी एक पावसाळा कोनाड्यात ठेवू नका. त्या वसतिगृहातला जो मुलगा तेव्हा आठवीत होता तो एव्हाना अकरावीत गेला असेल.

वजनावरून रकमेचा अंदाज बांधण्याच्या फंदात पडू नका. २०११ च्या मालिकेतला एक रुपया ३.७९ ग्रॅमचा आहे, २०१९ पासूनचा रुपया ३.०९ ग्रॅमचा आहे. दोन रुपयांचे नाणे आधीच्या मालिकेत ४.८५ ग्रॅमचे होते, ते आता ४.०७ ग्रॅमचे झाले आहे. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरते. तुमच्याकडे नुसते २०११ च्या मालिकेतले रुपयेच असते तर ९ किलोंचे जेमतेम २,३७५ रुपये झाले असते, आणि सगळी दहाचीच नाणी असती तर साडेअकरा हजारांच्या वर गेले असते. तेव्हा हाताने मोजण्याला पर्याय नाही. जमिनीवर जुनी चादर पसरा, प्रत्येक किमतीला एक अशी ताटे मांडा आणि नाणी दिवसाउजेडी निवडा, कारण २०११ चा एक रुपया आणि नवे दोन रुपये यांच्या व्यासात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक आहे आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ती हमखास एकमेकांत मिसळतात. चिकट नाणी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. दहा-दहाच्या चळती लावा, दहा चळती झाल्या की ती १०० नाणी एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, किंमत आणि संख्या लिहिलेली चिठ्ठी आत टाका आणि तोंड बांधून टाका. एकाने मोजलेली पिशवी दुसऱ्याने पुन्हा मोजावी, ही आमच्या खिडकीमागची शिस्त घरातही उपयोगी पडते, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही दुसऱ्यांदा मोजण्याचे काम नीट करता येते.

बँकेत तुम्हाला जे सांगण्यात आले त्यात एका खऱ्या नियमाचा चुकीच्या जागी उपयोग झाला आहे. २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार एक रुपया आणि त्याहून मोठ्या किमतीच्या नाण्यांनी १,००० रुपयांपर्यंतचे देणे भागवता येते आणि पन्नास पैशांच्या नाण्यांनी १० रुपयांपर्यंतचे. याचा अर्थ इतकाच की तुम्ही वाण्याचे पाच हजारांचे बिल नाण्यांनी भरायला गेलात तर ती सगळी नाणी घेण्याची सक्ती त्याच्यावर नाही. स्वतःच्या खात्यात भरणा करणे ही गोष्ट वेगळी आहे. ग्राहकांकडून बँकांनी किती नाणी घ्यावीत यावर रिझर्व्ह बँकेने कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही, उलट शाखांनी नाणी नाकारू नयेत अशा सूचना बँकांना वारंवार दिलेल्या आहेत, आणि १००-१०० नाण्यांच्या पिशव्या हा जो प्रकार मी वर सांगितला तोही रिझर्व्ह बँकेच्याच सूचनांमधला आहे.

तरीही खिडकीतल्या माणसाशी कायद्याच्या भाषेत बोलायला सुरुवात करू नका. महिन्याचा पहिला आठवडा निवृत्तिवेतनधारकांच्या रांगेत जातो, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कोणत्याही शाखेत श्वास घ्यायला फुरसत नसते. महिन्याच्या मध्यावर, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या निवांत वेळी, आधी फोन करून आणि किती पिशव्या आहेत ते सांगून जा. नाणी निवडून, मोजून, पिशव्या बांधून आणलेल्या ग्राहकाला परत पाठवावे असे रोखपालालाही सहसा वाटत नाही. त्याला भीती असते ती ओट्यावर ओतलेल्या ढिगाची. इतके करूनही नकार मिळाला तर शाखा व्यवस्थापकांना भेटा, नकार लेखी मागा, बँकेकडे तक्रार नोंदवा, आणि तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. बहुतेक वेळा लेखी नकार मागण्याच्या पायरीपाशीच काम होते, असा माझा अनुभव आहे.

दहा रुपयांच्या नाण्यांबद्दल दोन शब्द सांगते, कारण ती तुमच्या डब्यात बरीच असणार. काही रिक्षावाले आणि दुकानदार अमुक चित्राचे नाणे खोटे, तमुक चित्राचे खरे असे म्हणून ती नाकारतात. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले होते की तोवर निघालेल्या दहा रुपयांच्या नाण्यांच्या १४ नक्षी आहेत, काहींवर रुपयाचे चिन्ह आहे आणि काहींवर नाही, आणि त्या सगळ्या चलनात वैध आहेत. पन्नास पैशांचे नाणेही अजून वैध आहे. ही नाणी वेगळी काढून बाजूला टाकू नका, त्यांच्याही पिशव्या करा.

आता यापुढच्या वर्षांसाठी मी तुम्हाला जी पद्धत सुचवणार आहे तिच्यामुळे पुन्हा कधी ९ किलो नाणी साठणारच नाहीत. डब्यातली मोड घरानेच विकत घ्यावी. दर शनिवारी डबा उघडा, शंभर रुपयांची मोड मोजून घ्या आणि तिच्या जागी शंभराची नोट ठेवा. ती मोड रविवारी मंडईत घेऊन जा. महात्मा फुले मंडईत सकाळी आठ वाजता कोथिंबिरीच्या जुडीसाठी शंभराची नोट पुढे केली तर भाजीवाल्या आजींच्या कपाळावर आठी पडते, आणि त्याच वेळी दहा-वीस रुपयांची मोड ओंजळीने दिली तर त्या ती लगेच गोणपाटाखाली सरकवतात आणि वर दोन मिरच्या घालतात. फोनवरून पैसे घेणारे क्यूआर कोडचे फलक आता प्रत्येक टोपलीवर लागले असले तरी सुट्या पैशांची गरज तिथे संपलेली नाही. पीएमपी बसच्या वाहकालाही ती आहे, फुलपुडीवाल्यालाही आहे. नाणी तीन वर्षे डब्यात कोंडून ठेवायची आणि बाहेर लोकांनी मोडीसाठी चॉकलेट-गोळी पदरात घ्यायची, हे काही बरे नाही. तुमच्या डब्यात मात्र वर्षाअखेर नोटांची एक लहानशी चळत उरेल, जी कोणालाही पाच मिनिटांत मोजता येईल.

ती रक्कमही रोख नेऊन देऊ नका. स्वतःच्या खात्यात भरा आणि संस्थेच्या खात्यावर धनादेशाने किंवा हस्तांतराने पाठवा, संस्थेला त्याची सूचना द्या आणि पावती घ्या. यात घेणाऱ्याचे श्रम वाचतात आणि रक्कम नेमकी कोठे गेली याची नोंद दोन्हीकडे राहते. आयकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते आणि २,००० रुपयांहून अधिकच्या रोख देणगीवर ती मिळत नाही, हेही तुमच्या यजमानांना सांगून ठेवा. त्यांना सवलत घ्यायची असेल तर पॅन क्रमांक देऊन संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे लागेल. सासूबाई ज्या वसतिगृहाला पैसे देत त्याच वसतिगृहाला ते देणे मला योग्य वाटते, पण तीन वर्षांत तिथले विश्वस्त बदलले असतील, पत्ता बदलला असेल, तेव्हा आधी एकदा जाऊन या, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी चालू आहे ना ते विचारा, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्यांना कशाची गरज आहे ते त्यांच्या तोंडून ऐका. पितृपक्षात आणि वाढदिवसांच्या निमित्ताने अशा वसतिगृहांत श्रीखंडाचे डबे इतके येतात की फ्रिजमध्ये जागा उरत नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडताना वह्या, बूट, परीक्षा शुल्क, विजेचे बिल आणि स्वयंपाकिणीचा पगार एकदम समोर उभा राहतो तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही. सासूबाईंच्या तिथीला तुम्ही काही द्यावे ही भावना मला समजते, ती जपा. पण डब्यातली मोठी रक्कम मेअखेर पोचेल असे बघा. देताना ती अमुकच गोष्टीवर खर्च करा अशी अट घालू नका. विजेचे बिल भरणे हेही मुलांचेच काम असते.

मावशींच्या १,५०० रुपयांविषयी मला जरा सविस्तर लिहायला हवे, कारण त्यावरून तुमच्या आणि यजमानांच्या मनात जी अढी बसली आहे तिचे कारण पैशांपेक्षा खोल आहे. यजमान म्हणतात की डबा वसतिगृहासाठी होता. तुम्ही म्हणता की गरजू मुलीच्या शिक्षणालाच तर पैसे गेले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मला वाटते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो म्हणजे ते पैसे मावशींना कोणत्या नात्याने दिले. उचल म्हणून दिले असतील आणि पगारातून थोडे थोडे कापून घेणार असाल, तर तो तुमच्या घराचा व्यवहार झाला आणि तो तुम्ही दुसऱ्याच्या ठेवीतून केला; तेव्हा ते १,५०० आजच डब्यात परत ठेवा, आणि मावशींकडून कापून घ्यायचे की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. पण तुम्ही ते परत घेणार नसाल, तरीही माझे मत असे आहे की ती रक्कम घरखर्चातून भरून काढावी. जी बाई वर्षानुवर्षे आपल्या घरची भांडी घासते, आपली आजारपणे काढते, तिच्या मुलीच्या फीला हातभार लावणे हे दान नाही. तो तिच्याविषयीच्या आपल्या कर्तव्याचा भाग आहे, दिवाळीच्या बोनससारखा, आजारपणातल्या भरपगारी सुट्टीसारखा. ते कर्तव्य दानाच्या डब्यातून भागवले की आपल्या मनात एकाच पैशाने दोन पुण्ये जमा होतात, वसतिगृहातल्या मुलांचे १,५०० रुपये मात्र कमी होतात. तुमचा हेतू असा नव्हता हे मी जाणते; समोर माणूस रडवेले होऊन उभे असताना हाताशी असलेला डबा उघडला जातो, आणि त्या वेळी तुम्ही नाही म्हणाला नाहीत याचे मला मनापासून बरे वाटले. आता फक्त रक्कम जागच्या जागी ठेवायची आहे. पुढच्या जूनसाठी मावशींच्या मुलीच्या नावाने घरखर्चातच आधीपासून तरतूद करून ठेवलीत तर त्यांना तुमच्यापुढे पदर पसरायची वेळही येणार नाही.

यजमानांच्या मुख्य मुद्द्याकडे येते. खिशात मोड उरत नाही ही अडचण खरी आहे, आणि वर्षातून एकदा फोनवरून रक्कम पाठवली तर वसतिगृहाला ती तितकीच उपयोगी पडेल हेही खरे आहे. तरी डबा बंद करू नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण सांगताना मला आपल्या पुण्याजवळचीच एक जुनी गोष्ट आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी दरसाल दरमाणशी एक पैसा मागायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करायचे असा पैसा फंड सुरू केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक बंदा रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा लागे. दहा-वीस धनिकांकडे गेले असते तर भांडवल लवकर उभे राहिले असते, पण मग घरोघरच्या माणसांना तो कारखाना आपला वाटला नसता. तुमच्या घरातही नेमका हाच फरक पडतो. यजमानांनी मार्चमध्ये सात हजार रुपये पाठवले तर ते यजमानांचे दान होईल. डब्यात पडणाऱ्या पैशांत मात्र मुलीच्या खाऊतले दोन रुपये असतील, मुलाने सायकलवरून जाऊन वाचवलेले रिक्षाचे दहा रुपये असतील, तुमच्या फुलपुडीतून उरलेले पाच रुपये असतील, आणि ते देताना प्रत्येकाचा हात रोज एकदा त्या कोनाड्याकडे गेलेला असेल.

एवढे मात्र मान्य करायला हवे की पूर्वी आपण उरलेले टाकत होतो, आता ठरवून टाकावे लागेल. चौघांनी रोज पाच-पाच रुपये म्हटले तर महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० रुपये होतात. ज्याच्याकडे नाणे नसेल त्याने आठवड्याचे पस्तीस रुपये नोटांनी टाकावेत. याशिवाय भाजी, फळे, फुले आणि रिक्षा एवढे चार खर्च रोखीने करायचे असे घराने ठरवले तर मोड आपोआप घरात येत राहील आणि यजमानांना रक्कम पाठवण्यासाठी फोन वापरता येईलच. मुलांवर मात्र सक्ती करू नका. ज्या दिवशी मुलगी काही टाकणार नाही त्या दिवशी तिला विचारूही नका.

मुलाच्या सोसायटीच्या डब्याला मी होकार देणार नाही, आणि का नाही, हे त्याला तुम्ही मोठ्या माणसाला सांगावे तसे सांगा. आपल्या घरचे पैसे आपल्या घरात साठवायला कोणाची परवानगी लागत नाही. पण प्रवेशद्वाराशी डबा ठेवून इतरांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करू लागलात की ती सार्वजनिक वर्गणी झाली, आणि महाराष्ट्रात तिला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याचे ४१ क हे कलम लागू होते. गणेशोत्सव मंडळे दर वर्षी धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणीची परवानगी घेतात ती याच कलमाखाली. शिवाय किल्ली कोणाकडे, मोजायचे कोणी, कमी भरले तर उत्तर कोणी द्यायचे, हे प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर येऊ नयेत. त्याचा उत्साह वाया घालवायचा नसेल तर त्याने शेजारच्या दोन-तीन घरांना त्यांच्या त्यांच्या घरात डबा ठेवायला सुचवावे, शनिवारची मोडीची अदलाबदल त्यांना करून दाखवावी, आणि वर्षअखेरीस ज्या त्या घराने आपली रक्कम आपल्या खात्यातून परस्पर पाठवावी. तुमच्या घरच्या डब्याचा हिशेब मात्र पूर्णपणे त्याच्याकडे द्या. एक दोनशे पानी वही आणा. दर शनिवारी तारीख, काढलेली मोड, ठेवलेली नोट आणि डब्यातली एकूण रक्कम एवढे त्याने लिहावे आणि खाली दोघांनी सही करावी. बँकेत भरणा करायला जाल तेव्हा स्लिपही त्यालाच भरू द्या. वसतिगृहात त्याला आणि मुलीला जरूर घेऊन जा, पण पावती घेण्यासाठी कार्यालयात. तिथल्या मुलांना रांगेत उभे करून त्यांच्याबरोबर छायाचित्र काढण्याचा आग्रह कोणी केला तर नम्रपणे नाही म्हणा. ती मुले आपल्या मुलांच्याच वयाची असतात आणि त्यांना सगळे कळत असते.

राहता राहिली पुरचुंडी. २५ पैसे आणि त्याहून कमी किमतीची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत, त्यामुळे बँक ती घेणार नाही आणि वसतिगृहालाही त्यांचा उपयोग नाही. इंटरनेटवर जुन्या नाण्यांना लाखांचा भाव सांगणाऱ्यांच्या नादी मुलाला लागू देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क आणि कर मागून लोकांना फसवणाऱ्यांबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते. गेंड्याच्या चित्राचे स्टीलचे चार आणे तर अगदी कालपरवापर्यंत घरोघरी होते. सासूबाईंनी ती अकरा नाणी २०११ नंतर वेगळी काढून, फडक्यात बांधून तळाशी ठेवली याचा अर्थ मी असा लावते की दरवर्षी वसतिगृहाला पैसे देताना जी चालणार नाहीत ती त्यांनी निवडून मागे ठेवली, म्हणजे तिथल्या कोणाला ती निवडत बसावी लागू नयेत. दोन्ही डब्यांत मिळून एवढीच नाणी आता तुमच्या घरची आहेत. ती पुन्हा त्याच फडक्यात बांधून डब्याच्या तळाशी ठेवा आणि मुलाच्या वहीत त्यांची नोंद करू नका.